बिनचाकाचा डबा : विक्रोळीतल्या पोर्टा केबिनचे चार पावसाळे

सोसायटीच्या अभ्यासिकेसाठी आम्ही पोर्टा केबिन घेतली, म्हणजे कारखान्यात बनवून ट्रकने आणून ठेवायची पत्र्याची खोली. तिला पाचपैकी साडेतीन गुण. त्यातले अडीच खोलीचे, उरलेला एक आम्ही नंतर हात काळे करून मिळवला. बनवणाऱ्याचं नाव लिहीत नाही. भिवंडीच्या बाजूला अशा तिघांकडे मी जाऊन आलो आणि तिघांचा माल थोड्याफार फरकाने सारखाच होता. आम्ही ज्याच्याकडून घेतली त्याच्याबद्दल एवढंच सांगतो, की फोन केला की त्याचा माणूस येतो. येतो आणि सिलिकॉन मारून जातो.

आम्ही विक्रोळी पूर्वेला, कन्नमवार नगरात राहतो. एका अंगाला हायवे, दुसऱ्या अंगाला खारफुटी आणि ठाण्याची खाडी. घरं लहान. दहावीचा मुलगा, एमपीएससी करणारी ताई, रिमोट न सोडणारे आजोबा आणि कुकरच्या शिट्ट्या, सगळं एकाच खोलीत. त्यामुळे आमच्याकडची पोरं वर्षानुवर्षं जिन्यात बसून शिकली. जिन्यातल्या दिव्याचं बिल सोसायटी भरायची, आणि त्यावरून सर्वसाधारण सभेत दरवर्षी एक भांडण ठरलेलं.

अभ्यासिका हवी हे सगळ्यांना पटत होतं. विटांची खोली बांधायला गवंड्याने साडेआठ लाख आणि तीन महिने सांगितले. पण पुनर्विकासाचं बोलणं दर दोन वर्षांनी उठतं आणि बसतं. उद्या खरंच बिल्डर आला तर ती खोली बुलडोझरखाली जाणार. तेव्हा उचलून नेता येईल असं काहीतरी घेऊ, असं कमिटीत ठरलं. "काका, तुम्ही डब्यांतलेच ना, तुम्हीच बघा," म्हणत आमच्या खजिनदार बाईंनी ते काम माझ्या गळ्यात घातलं.

त्यांचंही बरोबर होतं. मी माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये तेहेतीस वर्षं काढली. १९१५ पासूनचं ते वर्कशॉप. वेल्डर म्हणून लागलो, सुपरवायझर होऊन बाहेर पडलो, आणि मधली बरीचशी वर्षं गंजाच्या मागे गेली. ओव्हरहॉलला आलेला डबा सोलून काढायचा, सडलेला पत्रा कापायचा, नवा जोडायचा. त्यामुळे पहिली पोर्टा केबिन पाहिली तेव्हा मनात आलं, हा तर आपलाच डबा, फक्त चाकं काढलेला. लोखंडी सांगाडा, दोन्हीकडून पत्रा, मध्ये उष्णता अडवणारा थर, खाली चॅनेलची चौकट. सेल्समन पोरगा "नवीन टेक्नॉलॉजी आहे सर" म्हणाला तेव्हा हसू आलं. काळा घोड्याला वॉटसन हॉटेलची इमारत अजून उभी आहे. तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये बनवून, जहाजाने आणून, १८६० च्या दशकात इथे जुळवला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंची हलती चित्रं मुंबईने पहिल्यांदा पाहिली ती त्याच इमारतीत. म्हणजे सुटे भाग आणून जोडलेली इमारत मुंबईला दीडशे वर्षांपासून माहीत आहे. नीट न सांभाळल्याने ती कशी खिळखिळी होते हेही माहीत आहे. २००५ मध्ये तिच्या दर्शनी बाजूचा काही भाग कोसळला होता.

आम्ही घेतली ती अशी : वीस फूट बाय आठ फुटांची दोन खोकी, लांबीच्या बाजूने एकमेकांना चिकटवून वीस बाय सोळाची एक खोली. बावीस टेबलं. दोन खोकी का, एक मोठं का नाही, असं सभेत विचारलं गेलं. उत्तर रस्त्यावर आहे. आपल्याकडे साध्या वाहनाची कमाल रुंदी २.६ मीटर; आठ फूट म्हणजे २.४४ मीटर, ते ट्रकवर बसतं. त्याहून रुंद खोकं न्यायचं तर वेगळी परवानगी, वेगळी कटकट. त्यामुळे या धंद्यात आठ फुटी माल एवढा दिसतो. रुंदी ट्रकची असते, माणसाची सोय मागून. आमची सगळी पुढची डोकेदुखी याच एका गोष्टीतून निघाली, कारण दोन खोकी म्हटली की मध्ये जोड आला.

भिंत म्हणजे ५० मिलीमीटरचं पफ पॅनेल. दोन रंगीत पत्र्यांच्या मध्ये फोम. सेल्समन पोरगा भिंतीबद्दलच बोलतो, कारण भिंत दिसते. "सर, ही पन्नास मिलीमीटर म्हणजे दीड मीटर जाड विटेची भिंत!" घरी येऊन हिशेब केला. फोमचा उष्णतावाहकांक ०.०२३ च्या आसपास, विटेचा ०.७ धरा, म्हणजे तीसपट. पन्नास मिलीमीटरच्या तीसपट म्हणजे दीड मीटर. पोरगा खोटं बोलत नव्हता. पण अर्धंच बोलत होता, त्यावर पुढे येतो.

पॅनेल तपासायची एक युक्ती सांगतो. तिन्ही ठिकाणाहून एक फूट बाय एक फुटाचा तुकडा मागून घ्या आणि किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. दोन्ही पत्रे खरोखर अर्ध्या मिलीमीटरचे असतील आणि फोम घनमीटरला चाळीस किलो घनतेचा असेल, तर तुकडा साधारण ९१५ ग्रॅम भरायला हवा. एकाचा ९०५ भरला. दुसऱ्याचा ८८०. तिसऱ्याचा, जो सगळ्यात स्वस्त होता आणि ज्याच्याकडे कमिटीचा कल होता, त्याचा ७६०. म्हणजे पत्रा ०.४ चा, बोलताना ०.५. आमच्या वाण्याला हा प्रकार इतका आवडला, की आता तो मला पाहिला की काटा पुसतो.

गंमत अशी, की वजनात पास झालेल्याकडून घेऊनही मी फसलो. कारण मी भिंत तोलली, आणि गळलं छप्पर.

त्याआधी पायाचं. सेल्समन म्हणाला, "खाली पेव्हर ब्लॉक आहेत ना? झालं मग, वर ठेवून देतो." मी नाही म्हटलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, त्या रात्री मी माटुंग्याहून विक्रोळीपर्यंत चालत आलोय, काही ठिकाणी कमरेएवढ्या पाण्यातून. मुंबईत जमिनीला टेकवून लोखंड ठेवायचं म्हणजे त्याला हळूहळू मारायचं. आम्ही बारा ठिकाणी दीड फूट उंच काँक्रीटचे ठोकळे ओतले, त्यात १६ मिलीमीटरचे बोल्ट बसवले आणि खोक्यांचे पाय त्यांना आवळले. खालून वारा फिरतो, वाकलं की चौकट दिसते, ब्रश घालता येतो. या कामाला बासष्ट हजार लागले आणि कमिटीत त्यावरून मला बरंच ऐकून घ्यावं लागलं. "दिसतसुद्धा नाही हो काही!" दिसत नाही, खरंय.

संडास मात्र मी हट्टाने नाकारला. सगळे विकणारे "अटॅच्ड टॉयलेट" गळ्यात मारतात. डबा सर्वांत आधी कुठे सडतो हे मी आयुष्यभर पाहिलंय : संडासाखाली आणि दाराजवळ, जिथे पाणी रोज झिरपतं आणि रोज वाळत नाही. पोरं शेजारी सोसायटी ऑफिसचा संडास वापरतात. रात्री अकरापर्यंत तो उघडा ठेवावा म्हणून मुलींनी अर्ज दिला, तेव्हा वॉचमनकडे किल्ली ठेवायची पद्धत पडली.

परवानगीचं एका ओळीत सांगतो : "टेम्पररी आहे, परवानगी लागत नाही" असं कोणी म्हणालं तर त्याच्याकडून काहीही विकत घेऊ नका. आम्ही आर्किटेक्टकडून नकाशा काढून रीतसर अर्ज केला. कागदाला चार महिने लागले, खोलीला चार तास.

ते चार तास मार्च २०२२ मधल्या एका रात्रीचे. दिवसा एवढी गाडी आत आणायची नाही, म्हणून ट्रक साडेअकराला आले. पाठोपाठ हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन. वसाहतीच्या फाटकावर केबलवाल्यांच्या तारांचं जाळं. दोन पोरं बांबू घेऊन ट्रकच्या टपावर चढली आणि तार उचलून धरत ट्रक आत घेतला. मग गुलमोहर. फांदी कापायची तर उद्यान विभागाची परवानगी हवी, ती काढली नव्हती, तेव्हा फांदीला दोर बांधून सहा जणांनी ती बाजूला ओढून धरली. पहिलं खोकं हवेत फिरलं तेव्हा सगळ्या खिडक्यांत डोकी. पहाटे साडेतीनला दुसरं खोकं पहिल्याला टेकलं आणि वीस फुटांच्या लांबीत एका टोकाला बोटभर फट राहिली. कामगार म्हणाला, "काका, पट्टी येईल त्याच्यावर." तेव्हाच माझ्या पोटात खड्डा पडायला हवा होता. पण झोप आली होती.

आता त्या दीड मीटरच्या भिंतीचं उरलेलं अर्धं. भाच्याकडे लांबून तापमान मोजायची बंदूक आहे, ती घेऊन एप्रिलमध्ये दुपारी दोनला मी छपरावर चढलो. पांढरट पत्रा ५३ अंश. कडेला शोभेसाठी जी निळी पट्टी दिली होती, ती ६४. शोभा करायचीच असेल तर भिंतीवर करा, छपरावर नको. आत छताला खालून ३६. म्हणजे फोम आपलं काम चोख करतो, यात शंका नाही. पण खोलीत बावीस पोरं बसली की गोष्ट बदलते. नुसता बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता देतो. बावीस जणांचे झाले बावीसशे वॅट, म्हणजे आंघोळीचा गीझर खोलीत सतत चालू. जी भिंत बाहेरचं ऊन आत येऊ देत नाही, ती आतला गीझर बाहेरही जाऊ देत नाही. लाइट गेली की वीस मिनिटांत पोरं बाहेर कट्ट्यावर येतात. वीटकाम सकाळपासून हळूहळू तापतं आणि तो ताप संध्याकाळी अंगावर टाकतं. ही खोली तापायलाही उतावळी आणि निवायलाही. संध्याकाळी सातला खारा वारा सुटला, की दारं उघडून दहा मिनिटांत गार. रात्री अभ्यास करणाऱ्यांना फारच सोयीची, दुपारी एसीशिवाय अशक्य.

आणि हवा. पॅनेलची खोली फटी नसलेली. जुन्या चाळीच्या खोलीत खिडकी बंद केली तरी वारा कुठूनतरी येतोच, इथे नाही. पहिल्या महिन्यात साडेतीनच्या सुमाराला सगळी अभ्यासिका डुलक्या घ्यायची. आम्हाला वाटलं, अभ्यासाचा परिणाम. मग दोन एक्झॉस्ट पंखे बसवले, त्यांच्यासमोरच्या भिंतीत खाली दोन झरोके कापले, आणि डुलक्या निम्म्यावर आल्या. हे कोटेशनमध्ये कोणी लिहून देत नाही. मागून घ्या.

पहिला पावसाळा कोरडा गेला. मी कॉलर ताठ करून फिरत होतो. जुलै २०२३ मध्ये नऊ नंबरच्या टेबलावर थेंब पडला. नेमका सीए करणाऱ्या मुलीच्या कर कायद्याच्या पुस्तकावर. फोन केला, माणूस आला, सिलिकॉन मारून गेला. चार दिवस बरे गेले. मग नऊ आणि तेरा. पुन्हा सिलिकॉन. मग नऊ, तेरा आणि सतरा, एका ओळीत. म्हणजे जोडाच्या बरोबर खाली. तेव्हा मी शिडी लावली.

काय केलं होतं ते पाहून मला स्वतःचाच राग आला, कारण मी हे विकत घ्यायच्या आधी बघायला हवं होतं. दोन्ही खोक्यांची छपरं सपाट. मधल्या फटीवर सहा इंच रुंद पत्र्याची आडवी पट्टी, दोन्हीकडून स्क्रूने गच्च आवळलेली, कडेने सिलिकॉन. पाणी तिथेच साचणार. आणि लोखंड तर हलतंच. सहा मीटर लांब पत्रा पहाटेपासून दुपारपर्यंत ३५ अंशांनी तापला तर अडीच मिलीमीटर वाढतो. ऊन पडलं, वाढला. सर आली, आकसला. पावसाळ्यात हे दिवसात चार-चार वेळा. दोन खोकी आपापल्या मर्जीने हलणार आणि मध्ये आवळलेली पट्टी दोघांत फाटणार. स्क्रूंची भोकं लांबट झाली होती, रबरी वॉशर चुरगळले होते, सिलिकॉन सालीसारखं निघत होतं. एवढी वर्षं गाड्या चालल्या, कोणी दोन डब्यांच्या मध्ये पत्रा ठोकून ठेवलाय का? मध्ये वेस्टिब्यूल असतो, घड्या घातलेला. डबे हलोत, तो सामावून घेतो. आणि डब्याचं छप्पर कमानदार असतं ते काही दिसायला बरं म्हणून नाही.

दुरुस्ती अशी केली. पट्टी काढून फेकली. दोन्ही छपरांच्या कडेला चार इंच उभी राहील अशी जस्ती पत्र्याची पाळ बसवली, खाली चिकट ब्यूटिल टेप. फोमला धग लागू नये म्हणून वेल्डिंग अजिबात नाही, नुसते स्क्रू. आता जोड खड्ड्यात न राहता टेकडीवर आला. दोन्ही पाळींवर उलट्या पन्हळीसारखी एक लांब टोपी घातली, आणि ती फक्त एका बाजूला पक्की केली. दुसरी बाजू नुसती टेकलेली, सरकायला मोकळी. या टोपीला सिलिकॉन लागतच नाही, कारण पाणी तिथपर्यंत चढतच नाही. जवळच्या फॅब्रिकेटरने दोन दिवसांत करून दिलं, खर्च साडेसत्तावीस हजार. कंपनीला हे आधीच करता आलं असतं, फार तर दहा हजारांत. त्यांना चित्र काढून पाठवलं. "छान आहे सर" असा निरोप आला, अंगठ्यासकट.

टोपीची परीक्षा ८ जुलै २०२४ ला झाली. त्या दिवशी पहाटे एक ते सात या सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडला, लोकल बंद. मी सातला छत्री घेऊन अभ्यासिकेत गेलो, टेबल नंबर नऊवर हात फिरवला. धूळ होती. मला धुळीचा इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता.

त्यानंतर ऑगस्टमध्ये पुन्हा बोंब : काका, गळतंय. गेलो तर छताला थेंब, पण जोडापासून लांब, एसीच्या समोर. हा पाऊस नव्हता, पत्र्याला सुटलेला घाम होता. पावसाळी हवा इतकी ओली असते, की २६ अंशांच्या आसपास थंड झालेल्या कशावरही पाणी धरतं. पोरांनी एसी २० वर ठेवला होता आणि एक दार वहीची घडी घालून उघडं. ओळखायचं कसं? पुसा, एसी बंद करा, अर्धा तास थांबा. पुन्हा आलं तर गळती, नाही आलं तर घाम. आता रिमोट वॉचमनकडे असतो, २५ च्या खाली जात नाही. मला आजोबा हिटलर असं नाव पडलंय, ते मला माहीत आहे.

आवाजाला मात्र इलाज सापडलेला नाही. साध्या पत्र्यापेक्षा खूपच कमी, पण मोठी सर आली की छप्पर ताशा वाजवतं. रॉकवुल, म्हणजे दगडाच्या तंतूंचा थर, भरलेलं पॅनेल जड असतं, आवाज त्यात बराच मुरतो, शिवाय ते पेट घेत नाही. पण एकदा भिजलं की पाणी धरून बसतं. गळक्या जोडाखाली रॉकवुल असतं तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. आता नव्याने घ्यायची झाली तर छप्पर रॉकवुलचं घेईन, अर्थात टोपी पहिल्या दिवसापासून घालून.

आगीचा विषय निघालाच आहे म्हणून. पफ जळतो, आणि जळताना निघणारा धूर आगीपेक्षा आधी माणसाला आडवा करतो. त्यामुळे बावीस पोरांच्या खोलीला एक दार असूच नये. आमच्या मूळ नकाशात एकच होतं. दोन टोकांना दोन दारं, दोन्ही बाहेर उघडणारी, हे मी लिहून घेतलं आणि त्यात दोन टेबलं गेली तरी चालेल म्हटलं. वायर पॅनेलच्या पोटातून नाही, बाहेरून पाइपातून. ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग आमच्या माणसाकडून, वेगळे एक्केचाळीस हजार देऊन. अख्खी खोली लोखंडाची आहे, एक वायर सोलली तर भिंतच करंट देईल. विकणाऱ्याने दिलेल्या अर्थिंगची वायर चौकटीला लावलेली होती, आणि दुसरं टोक हवेत.

वाऱ्याचं मला पहिल्यापासून भय होतं. भाचा सिव्हिलवाला, त्याने कागदावर मांडून दाखवलं : आपल्या मानकांत मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर धरतात. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला ११८ किलो. एका खोक्याचं छप्पर पंधरा चौरस मीटर, म्हणजे ढोबळमानाने पावणेदोन टनांची ओढ, आणि खोक्याचं वजनही तेवढंच, पावणेदोन ते दोन टन. नुसतं पेव्हर ब्लॉकवर ठेवलेलं खोकं अशा वाऱ्यात कशाच्या भरवशावर उभं राहणार? १३ मे २०२४ ला दुपारी जे धुळीचं वादळ आलं, त्यात आमच्यापासून थोड्याच अंतरावर घाटकोपरला, छेडानगरात, पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. आमच्या आवारातला एक मंडप उडून गच्चीवर गेला. पोरं आत होती. केबिन थरथरली, खिडक्या वाजल्या, एवढंच. संध्याकाळी मी पान्हा घेऊन सगळे बोल्ट तपासले. एकही ढिला नव्हता. त्या दिवसानंतर बासष्ट हजारांचा विषय सभेत निघालेला नाही.

गंजाचा आजचा हिशेब. खाडीचा वारा कोणाला सोडत नाही. पत्र्याचा सपाट भाग चार वर्षांत जसाच्या तसा आहे, पण जिथे कापला, जिथे भोक पाडलं, तिथून तांबडं सुरू झालंय. खिडक्यांच्या चौकटी, झरोके (हे मीच कापले, कबूल), छपरावरचे स्क्रू. २०२५ मध्ये मे अखेरीला रंगाऱ्याला बोलावलं होतं, आणि पाऊस २६ मेलाच येऊन थडकला, मुंबईत इतक्या लवकर तो कधी आल्याची नोंद नाही. रंगकाम ऑक्टोबरवर गेलं, तोवर स्क्रूंची टोपणं लाल. पूर्वेकडच्या सरकत्या खिडकीतून पाणी आत आलं, ते तिच्या रुळातलं निचऱ्याचं भोक मातीने बुजल्यामुळे. टाचणीने मोकळं केलं, संपलं.

जमीन म्हणजे सिमेंट बोर्ड, वर व्हिनाइल. दाराजवळचा एक तुकडा तडकला, बदलून दिला, पैसे घेतले नाहीत, हेही नोंदवतो. घुशींनी एका कोपऱ्यात पॅनेलच्या खालच्या उघड्या कडेतून फोम कोरून घर केलं होतं. तिथे पत्र्याचं चॅनेल बसवलं. मोबाइलला आत रेंज फक्त खिडकीशी येते. पालक याला खोलीचा सर्वांत मोठा गुण मानतात.

पैसे : ३२० चौरस फूट, दर १,४५०, म्हणजे ४,६४,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ५,४७,५२०. ट्रक आणि हायड्रा अडतीस हजार, पाया बासष्ट, वीज एक्केचाळीस. एकूण ६,८८,५२०, आणि नंतरची टोपी. एसी एका जुन्या रहिवाशाने दिले. गवंड्याच्या खोलीपेक्षा स्वस्त पडली, पण कोटेशनवरच्या पहिल्या आकड्याकडे बघून जेवढी स्वस्त वाटली होती तेवढी नाही.

कंपनीच्या पत्रकात लिहिलंय की ही खोली हवी तितक्यांदा हलवता येते. आम्ही ज्यासाठी घेतली ते हेच, पण बिल्डर अजून उठतो-बसतोच आहे, त्यामुळे या बाबतीत गुण देत नाही. माझी टोपी मात्र स्क्रू काढून सुटते, ते मी बघून ठेवलंय.

शेजारच्या सोसायटीला आता तशीच खोली हवी आहे, त्यांची माणसं रविवारी सकाळी बघायला येणार आहेत. त्यांच्या अध्यक्षांनी फोनवर पहिला प्रश्न रंगाचा विचारला. मी टॉर्च चार्जिंगला लावून ठेवलाय. आधी सगळ्यांना खोलीखाली वाकून बघायला लावणार आहे, मग शिडीवर. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी घरून चटई आणावी.